होडी ओढताना घाटात गिअरबॉक्स तापला: कूलर बसवू का अजून काही?

काठावरचा | ४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचत होतो, आज स्वतःचंच रडगाणं घेऊन आलोय.

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातले, अगदी नदीकाठचे. २०१९ चा पूर बघितला, २०२१ चाही बघितला. दोन्ही वेळेला गच्चीवर बसून होडीची वाट बघणाऱ्यांत आमचं घर होतं. म्हणून यंदा मंडळानं गणपतीच्या डेकोरेशनला हात आखडता घेतला आणि जुनी फायबरची होडी घेतली. सोळा फुटी, चाळीस हॉर्सपॉवरचं इंजिन, ट्रेलरसकट. मालवणला मिळाली. आणायचं काम माझ्या गळ्यात, कारण मागं हुक असलेली गाडी माझी. डबल कॅब डिझेल पिकअप, ऑटोमॅटिक, ६२ हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडंच जाईल.

येताना कणकवलीवरून फोंडा घाट धरला. दुपारचे अडीच, ऊन रणरणतं, आत चौघं, एसी फुल्ल. गाडी डी मध्ये, म्हणजे गिअर गाडीच आपोआप निवडणार. अर्धा घाट होईपर्यंत गिअर सारखा वर-खाली, वर-खाली. वळण आलं की तिसरा, जरा सरळ रस्ता मिळाला की चौथा, लगेच परत तिसरा. वरची शेवटची वळणं राहिली असताना पडद्यावर लाल अक्षरं आली, ट्रान्समिशन तापलंय, थांबा. गाडीनं जोरच सोडला. बाजूला घेतली, लगेच इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. पाणी उकळलेलं नाही, वाफ नाही, इंजिनचा टेम्परेचरचा काटा तर बरोबर मध्यावर! फक्त वास. तवा कोरडा करपल्यावर येतो तसा.

चाळीस मिनिटं बसलो. मग हळूहळू दाजीपूर, राधानगरी करत घरी आलो. तेव्हापासून गाडी नीट चालतीय, पण मनात धाकधूक आहे. होडीचं इंजिन सर्व्हिसिंगला परत मालवणला न्यायचंय आणि पावसाच्या आत परत आणायचंय. प्रश्न असे: गिअरबॉक्स कामातून गेला का? गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारा वेगळा कूलर बसवला तर भागेल का? आणि इंजिन गार असताना गिअरबॉक्स तापतोच कसा?

---

उद्यमनगरी | ४ मे, रात्री १०.०५

जाळ अन् धूर संगटच म्हणायचं भावा हे. 😄

गंमत सोड. उद्या सकाळी पहिलं काम, ऑइल बघ. डिपस्टिक असंल तर एक थेंब पांढऱ्या कागदावर टाक आणि फोटो इथं लाव. त्याशिवाय कुणी काय सांगितलं तरी अंदाजपंचे.

---

ऊसवाला | ४ मे, रात्री १०.३०

आवो, ऑटोमॅटिक गाडीनं ओढायचंच कशाला? आमचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर ऊस भरून कारखान्याला जातोय, कधी गिअरबॉक्सचं नाव न्हाई. लै तर क्लच प्लेट जाते. ती पण डायवर पोरगा क्लचवर पाय ठेवून झोपला तरच.

---

निवृत्त मास्तर | ५ मे, सकाळी ६.१५

ऊसवाले दादा, तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. पकडली की पकडली. धागाकर्त्याच्या गाडीत त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर आहे. एका बंद डब्यात समोरासमोर दोन पंखे, मध्ये तेल. इंजिन पहिला पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल दुसरा पंखा फिरवतं. दोन्ही एकाच वेगानं फिरत नाहीत, मागचा जरा मागेच राहतो. तो जो फरक, त्याला म्हणायचं घसरण, आणि घसरणीत गेलेली ताकद सगळी तेलात मुरते. घरात ताक घुसळलं की लोणी येतं. इथे तेल घुसळलं की उष्णता येते, दुसरं काही हाती लागत नाही.

कागदावर मांडून दाखवतो, मास्तरकीची खोड आहे. गाडी, चार माणसं आणि होडी मिळून साधारण ३,४०० किलो धरू. सहा टक्के चढ, ताशी ३० किलोमीटर. नुसतं वर चढायला आणि चाकं फिरवायला सुमारे २० किलोवॅट लागतात. वळणावरून उठताना याच्या दुप्पट. आता इंजिन २५ किलोवॅट देतंय आणि त्यातले पंधरा-वीस टक्के घसरणीत जातायत असं समजा. म्हणजे चार-पाच किलोवॅट. घरातल्या बाथरूमचा गिझर दोन किलोवॅटचा असतो. तुमच्या गिअरबॉक्सच्या तेलात दोन गिझर चालू ठेवून तुम्ही फोंडा घाट चढलात! तेल किती? आठ-नऊ लिटर. कूलर अजिबात नसता तर ते मिनिटाला पंधरा-सोळा अंशांनी चढलं असतं. गाडीत कूलर असतोच, म्हणून तुम्ही निम्म्या घाटाच्या पुढे तरी पोचलात.

इंजिनचा काटा मध्यावर का, याचं उत्तर सोपं आहे. तो इंजिनच्या पाण्याचा काटा. गिअरबॉक्सच्या तेलाला बहुतेक गाड्यांत काटाच नसतो, हद्द झाली की थेट दिवा. शिवाय हल्लीचे काटे मुद्दाम सुस्त ठेवलेले असतात, बऱ्याच मोठ्या पट्ट्यात ते मधेच चिकटून बसतात.

---

घाटवाट | ५ मे, सकाळी ८.५०

मास्तरांना +१. यात एकच भर घालतो, माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप नावाचा एक क्लच असतो. वेग आणि जोर जुळला की तो दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट धरतो आणि घसरण शून्य होते. घुसळणंच थांबतं. पण गिअर बदलला, पाय जोरात दाबला किंवा वेग फार पडला की लॉक-अप सुटतो. तुमची गाडी तिसरा-चौथा-तिसरा खेळत होती म्हणजे प्रत्येक वेळी लॉक सुटत होता, धरायच्या आत परत सुटत होता. सगळा घाट तुम्ही ताक घुसळत चढलात.

म्हणून घाट सुरू व्हायच्या आधीच मॅन्युअल मोडमध्ये घ्या आणि तिसऱ्यात ठेवा. इंजिन मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांवर ओरडू दे, त्याला काही होत नाही. गाडीला टो मोडचं (ट्रेलर ओढण्यासाठीचं) बटण असेल तर तेही दाबा, ते हेच काम करतं. कूलर नंतर बघू.

---

बुलेटराजा०९ | ५ मे, सकाळी ९.१०

मोठ्ठा कूलर टाक, विषय कट. एवढा काथ्याकूट कशाला.

---

काठावरचा | ५ मे, दुपारी १.२०

मास्तर, घाटवाट, मनापासून आभार. दोन गिझरवाला हिशोब मंडळाच्या ग्रुपवर टाकला, तेव्हापासून पोरं मला "गरम पाणी" म्हणतायत.

ऑइल बघितलं. डिपस्टिक नाहीच, खाली बूच आहे. ओळखीच्या मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, बूच जरा सैल करून वाटीत थोडं ऑइल काढलं. कागदावर थेंब टाकला तर मधे चहासारखा तपकिरी डाग, भोवती फिकट कडा. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकला, तो डाळिंबाच्या रसासारखा लाल. मिस्त्रींनी जुनं ऑइल दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं, परत चोळलं, चांगली दोन मिनिटं काही बोलले नाहीत. माझा जीव टांगणीला. मग म्हणाले, "करपलंय, पण कचकच लागत नाही. क्लच शाबूत दिसतायत." ऑटोमॅटिकच्या पोटातही गिअर बदलणाऱ्या क्लच-पट्ट्या असतात, त्या.

---

उद्यमनगरी | ५ मे, दुपारी २.००

वाचलास! बोटाला कणकण लागली असती नाहीतर थेंब काळाकुट्ट असता तर वेगळं बोललो असतो. तपकिरी म्हणजे ऑइलनं मार खाल्ला. या ऑइलचं घर ८०–९५ अंश. तिथं ते वर्षानुवर्षं नांदतं. ११५–१२० च्या वर जाळ्यागत राप धरायला लागतो, पुढं सील कडक होत्यात. ढोबळ हिशोब असा, दर दहा अंशाला आयुष्य निम्मं.

आता बदल. पण नीट ऐक:

एकदा बूच काढून सगळं ऑइल येत न्हाई. कन्व्हर्टरच्या पोटात बरंच राहतं. खाली पडतं ते निम्म्याहून कमीच. म्हणून काढायचं, भरायचं, चार-पाच दिवस फिरवायची, परत काढायचं. तीनदा केलंस की बऱ्यापैकी साफ. जोराच्या मशिननं फ्लश करतो म्हणणाऱ्याला जुन्या करपलेल्या गिअरबॉक्सवर हात लावू देऊ नको.

खालचं पॅन उघडलं तर लोहचुंबक बघ. करड्या रंगाची मऊ पेस्ट असंल तर चालतंय, ती झीज असतीच. चकाकणारे तुकडे दिसले तर मला फोन कर. म्हणजे इथं लिही.

ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच. "सगळ्या गाड्यांना चालतं" म्हणून डबा पुढं करणाऱ्याला लांबनंच नमस्कार. आणि लेव्हल गाडी चालू ठेवून, पुस्तकात दिलेल्या तापमानालाच बघायची. गार ऑइलवर बघितली तर चुकणार. तापलेलं ऑइल फुगतं.

---

पेठेतला | ५ मे, दुपारी ३.४५

माझ्या गाडीच्या पुस्तकात "आयुष्यभर ऑइल बदलायची गरज नाही" असं लिहिलंय. मग?

---

उद्यमनगरी | ५ मे, दुपारी ३.५२

कुणाच्या आयुष्यभर ते लिहिलंय का? 😄 त्याच पुस्तकात मागं बारीक अक्षरात "कठीण वापर" म्हणून एक तक्ता असतो. ट्रेलर ओढणं त्यात येतं. तो वाच.

---

निवृत्त मास्तर | ५ मे, सायंकाळी ६.३०

काठावरचा, एक चूक मी सकाळी सांगायची विसरलो. दिवा लागल्यावर तुम्ही लगेच इंजिन बंद केलंत. तसं नको. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिन फिरतं तेव्हाच फिरतो. इंजिन बंद झालं की तेल जिथल्या तिथे थांबतं आणि कन्व्हर्टरमधलं सगळ्यात गरम तेल तिथेच उकडत बसतं. बाजूला घ्या, हँडब्रेक लावा, पी (पार्किंग) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये टाका आणि चार-पाच मिनिटं हजार-बाराशेवर चालू ठेवा. तेल कूलरमधून फिरत राहील. इंजिनचं पाणीच उकळत असेल तर गोष्ट वेगळी.

---

मालवणी खलाशी | ५ मे, रात्री ९.१५

होडी कितक्या वजनाची, ह्या कोणीच इचारूक नाय! विकणाऱ्यान काय सांगल्यान?

---

काठावरचा | ५ मे, रात्री ९.३०

ट्रेलर धरून नऊशेच्या आत, असं म्हणाला होता.

---

मालवणी खलाशी | ५ मे, रात्री ९.४१

सांगतलो आणि तू ऐकलंस? 😄 काट्यार घाल. आणि घालूच्या आधी होडयेचा बूच काढून बघ.

---

ऊसवाला | ५ मे, रात्री १०.१०

काट्यावर घाल म्हणतोय ते खरं हाय. फक्त कारखान्याच्या काट्यावर नको, खाजगी काट्यावर जा. का ते ऊस घालणाऱ्याला इचार. 😄

---

काठावरचा | ८ मे, रात्री ८.०५

खलाशीदादा, तुमच्या पाया पडू का?

आज ट्रेलर सोडवून नुसता काट्यावर लावला. १,२३० किलो! काटेवाला म्हणाला परत लावा, परत लावला, तेवढंच. मग घरी आणून होडीच्या मागच्या बाजूचं बूच काढलं. आधी काहीच नाही. मग एक काळा बुडबुडा आला, आणि पाठोपाठ पाण्याची धार. बोटाएवढी. पाणी हिरवट, कुबट वासाचं. ट्रेलरचं नाक जॅकनं वर उचललं, तर धार दीड तास बंद झाली नाही. माझी धाकटी पुतणी बादलीनं ते पाणी नारळाला घालत होती, शेवटी दमली. ते गेल्या पावसाळ्याचं पाणी, तळाचं फायबर आणि वरचा डेक यांच्या मधल्या पोकळीत साठलेलं. परत काट्यावर नेली, १,०५०. म्हणजे मी फोंडा घाटातून १८० किलो पावसाचं पाणी कोल्हापूर जिल्ह्यात आयात केलं. आम्हाला काय पाण्याची कमी होती?

---

घाटवाट | ८ मे, रात्री ८.३०

हसून हसून पोट दुखलं. 😂

पण यात दुसरं दुखणं लपलेलं आहे. ते पाणी मागे साठलं होतं, होडीचं इंजिनही मागेच. म्हणजे हुकावर भार जवळजवळ नव्हताच. हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यायला हवा. कमी आला तर हायवेला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा लागला की ब्रेक मारून थांबत नाही. घरातल्या वजनकाट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर ट्रेलरचं नाक टेकवा. सपाट जागेवर, हुकाच्याच उंचीला. बघा किती भरतं.

---

काठावरचा | ९ मे, सकाळी ७.२०

पाणी असताना बघायचं राहिलं. आत्ता ७० भरलं. बॅटरी आणि पेट्रोलची टाकी पुढं सरकवली, नांगर पुढच्या खणात टाकला, तेव्हा ९५. आईला वजनकाटा परत देताना ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं.

---

बुलेटराजा०९ | ९ मे, सकाळी १०.००

ते सगळं ठीक, पण कूलर टाकणार का नाही? मी परत सांगतो, रेडिएटरमधून जाणारी लाइन बंद कर आणि थेट बाहेरचा मोठा कूलर. गरम पाण्याजवळ ऑइल न्यायचंच कशाला?

---

उद्यमनगरी | ९ मे, सकाळी ११.३०

राजा, इथंच थांब. ह्यावर मी हात पोळून घेतलाय.

कंपनीनं ऑइल रेडिएटरच्या टाकीतल्या छोट्या कूलरमधनं फिरवलेलं असतं. भोवती इंजिनचं पाणी. ते ९० अंशाचं असलं तरी १२५ च्या ऑइलला गारच की! आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी पट जोरात उष्णता ओढतं. घाटात तुझा स्पीड वीस. त्या स्पीडला बाहेरच्या कूलरला वारा मिळतो कुठं? म्हणून दोन्ही ठेवायचे, एकापाठोपाठ. गिअरबॉक्समधनं निघालेलं ऑइल आधी रेडिएटरमध्ये, तिथनं बाहेरच्या कूलरला, तिथनं परत गिअरबॉक्सला. उलटं जोडलं तर बाहेर गार केलेलं ऑइल परत रेडिएटरच्या पाण्यात शेकून येणार.

कूलर नळीवाला नको, थरांचा घे, एकावर एक चपट्या पट्ट्या असतात तो. त्याच मापात जास्त काम करतो. एसीच्या कंडेन्सरच्या पुढं, मधे बोटभर फट ठेवून, स्वतःच्या लोखंडी पट्टीवर. काही लोक प्लास्टिकच्या काड्या रेडिएटरच्या जाळीतनं आरपार घालून अडकवतात. सहा महिन्यांत हादऱ्यानं जाळी घासून भोक पडतंय. पट्टी मी तुला करून देतो, कूलर घेऊन ये. लेथ मारुतीच्या देवळामागं असं कुणालाही इचार, सांगतील. (देवळं उद्यमनगरात किती हायत ते तू शोध.)

आणि पाइप! ऑइलसाठीचाच रबरी पाइप, पेट्रोलचा नको, रेडिएटरचा तर नकोच. टोकाला कूलरच्या नळीला उंचवटा असला पाहिजे, त्याच्या मागं क्लिप. माझ्याच हातनं एका गिऱ्हाइकाच्या गाडीत सरळ नळीवर क्लिप आवळली गेली होती. हायवेला पाइप निसटला. पंप सगळं ऑइल रस्त्यावर ओतून मोकळा. गाडी ओढत आणली. तो गिअरबॉक्स मी पदरमोड करून भरून दिला. तेव्हापास्नं उंचवटा हातानं चाचपल्याशिवाय मी क्लिप आवळत न्हाई.

---

पेठेतला | ९ मे, दुपारी १२.१०

मग रेडिएटरमधला कूलर आतून फुटला तर ऑइल आणि पाणी एक होणार ना? ती भीती खोटी नाही.

---

निवृत्त मास्तर | ९ मे, दुपारी १.००

खोटी नाही, जुन्या गाड्यांत होतं. ओळखायची खूण अशी: तेल सोलकढीसारखं दिसायला लागतं, गुलाबी आणि दुधाळ. तसं दिसलं तर गाडी एक किलोमीटरसुद्धा चालवू नका. पाण्याने क्लचच्या पट्ट्यांचं अस्तर सुटतं. पण त्यावर उपाय म्हणजे रेडिएटर वेळेवर बदलणं आणि कूलंट वेळेवर बदलणं.

---

घाटवाट | ९ मे, दुपारी १.४०

थंडीत ऑइल जास्तच गार राहिलं तर? माझा एक मित्र म्हणतो थर्मोस्टॅटवाला कूलर घे.

---

निवृत्त मास्तर | ९ मे, दुपारी २.१५

कोल्हापूरच्या हवेत फार बिघडत नाही, पण मिळत असेल तर जरूर घ्यावा. कल्पना राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांसारखीच आहे. कुणी बटण दाबत नाही. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो, उतरलं की मिटतो. इथे पातळीच्या जागी तापमान. तेल गार असेपर्यंत ते कूलरला वळसा घालून जातं, तापलं की वाट उघडते. ज्या गाडीत कंपनीनेच असा थर्मोस्टॅट दिलाय तिथे दुसरा लावताना मात्र माहीतगाराला विचारा.

---

काठावरचा | १६ मे, रात्री ९.००

ऑइल दोनदा बदलून झालं, तिसरं पुढच्या आठवड्यात. चुंबकावर नुसती पेस्ट होती, तुकडे नाहीत.

कूलर घ्यायच्या आधी मापायचं ठरवलं. गाडीच्या सॉकेटला लावायचं छोटं स्कॅनर आणलं, मोबाइलवर दिसतं. साध्या ॲपमध्ये गिअरबॉक्सचं तापमान येत नव्हतं, आपल्या गाडीसाठीचा वेगळा कोड घालावा लागला. घातल्यावर दिसलं. होडी न लावता, रिकाम्या गाडीनं जोतिबाचा डोंगर दोनदा चढलो. एकदा डी मध्ये, एकदा मॅन्युअल तिसऱ्यात. डी मध्ये वर पोचेपर्यंत ९९. तिसऱ्यात ९१. रिकाम्या गाडीत आठ अंशांचा फरक! देवळात जाऊन आलो, चांगभलं म्हटलं, उतरताना पण तिसऱ्यातच उतरलो.

---

ऊसवाला | १६ मे, रात्री ९.२५

ज्या गिअरला चढतोस त्याच गिअरला उतरायचं. माझ्या बापानं शिकवलेलं. न्यूट्रल करून घाट उतरणाऱ्याला त्यो गाडीत बसू द्यायचा न्हाई.

---

मालवणी खलाशी | १६ मे, रात्री १०.३०

आता उताराचाच काढलंस म्हणान सांगतंय. होडी पाण्यात सोडताना मागे घेतंस तेव्हा ॲक्सिलरेटर दाबून गाडी चढार धरून ठेव नुको. गाडी हलत नाय, इंजिन फिरता, सगळा जोर तेलात. पायाचो ब्रेक, हँडब्रेक, आणि चाकाक दगड. वर ओढताना फोर-लो (चारय चाकांक जोर, सगळ्यात हळू गिअर) घाल, गाडी मुंगीसारखी येतली आणि तापूची नाय. डांबरार गेलंस की परत काढ.

---

काठावरचा | ३ जून, रात्री ११.१०

धागा वर काढतोय. काम झालं, आकडे देतो.

कूलर बसवला. उद्यमनगरीच्या हातची पट्टी, पाइपच्या चारी टोकांना उंचवटा, प्रत्येकाला दोन क्लिपा. एका क्लिपनं भागलं असतं, पण त्यांची गोष्ट वाचल्यावर माझी हिंमत झाली नाही. देऊळ पण सापडलं. सगळं मिळून अकरा हजारांच्या आसपास. होडीचं इंजिन मालवणला सर्व्हिस झालं, ट्रेलरच्या मागच्या दिव्यांची वायर नवी टाकली, आणि काल पहाटे परत निघालो.

फोंड्यात सव्वासहाला. आत तिघंच. एसी बंद, काचा खाली. घाट सुरू व्हायच्या आधी रस्त्याकडेला थांबून तिसरा लावला. ताशी ३० ते ३५, इंजिन बावीसशेच्या मागंपुढं. लॉक-अप धरलाय का ते ओळखायची युक्ती मला स्वतःलाच सापडली: पाय किंचित दाबून बघायचा. इंजिनचा आवाज एकदम वर गेला पण वेग वाढला नाही, तर लॉक सुटलाय. आवाज आणि वेग जोडीनं चढले तर धरलाय. दोन आखूड वळणांवर सुटला, दुसऱ्यात घेतलं, परत तिसऱ्यात. मोबाइलवर आकडा ८८, ९२, ९७ असा चढत होता आणि माझा भाऊ तो मोठ्यानं वाचत होता, पुराच्या दिवसांत कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात तशा आवाजात. "पंचगंगा एकोणचाळीस फूट, इशारा पातळी!" शंभर झाल्यावर तर त्यानं त्रेचाळीसची धोका पातळी जाहीर करून टाकली.

सगळ्यात वर १०३. दाजीपूरला थांबलो, इंजिन चालू ठेवून. सहा मिनिटांत ९० वर आलं. तिथं गाडीच्या पुढं हात धरला तर कूलरमधनं येणारी झळ स्पष्ट लागत होती, शेजारच्या कंडेन्सरला हात लावला तर गार.

मागच्या वेळी आकडा किती होता ते मला कधीच कळणार नाही. पण पाणी काढलं, हवा गार होती, एसी बंद, एक माणूस कमी, गिअर धरून ठेवला, कूलर टाकला. यातलं कशानं किती फरक पडला, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. माझ्या मते निम्मं श्रेय त्या बुचाचं आणि तिसऱ्या गिअरचं.

---

बुलेटराजा०९ | ३ जून, रात्री ११.२०

आणि निम्मं कूलरचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. 😎

---

निवृत्त मास्तर | ४ जून, सकाळी ६.०५

राजा, नंतर तू रेडिएटरची लाइन बंद करायची जोडणी पण सांगितली होतीस, तीही आठव.

काठावरचा, १०३ उत्तम. भर दुपारी नेऊ नका, एवढंच.

---

मालवणी खलाशी | ४ जून, सकाळी ८.४०

गिअरबॉक्स झालो, आता ट्रेलराचे बेअरिंग बघितलंस काय? लांबचो प्रवास करून हब तापलेलो असता. तसोच थंड पाण्यात घातलंस तर आतली हवा आखडता आणि पाणी आत ओढता. ग्रीसचा लोणी होता, पांढरा. अर्धो तास थांबान मगे पाण्यात घाल. पुराच्या येळेक चाक अडकला तर मगे काय करशीत?

---

काठावरचा | ४ जून, सकाळी ९.१५

नाही बघितलं. आज उघडतो. जॅक शेजारच्या काकांकडं आहे, ते उसाच्या भरणीला गेलेत, आले की घेतो.